इंचभर माणसांची विक्रांत

हार्बर मार्गावर मानखुर्दहून मुंबईकडे जाताना कॉटन ग्रीननंतर रे रोड स्थानक लागते. तिथून पूर्वेला समुद्राच्या दिशेने गेले की दारुखाना. जुन्या जहाजांचे साखळदंड, पत्रे, दिवे, शिड्या असे सारे तिथे विकायला असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच किनाऱ्यावर आपली पहिली विमानवाहू युद्धनौका 'आयएनएस विक्रांत' मोडायला सुरुवात झाली.

४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट इथे ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून तिच्या 'सी हॉक' विमानांनी ४ डिसेंबरला कॉक्स बाजारवर हल्ला चढवला, मग चितगावची पाळी आली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे तिचे तरंगते संग्रहालय झाले, ते २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने बंद पडले. मोडणी थांबवण्यासाठी काही नागरिक न्यायालयात गेले, परंतु २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची याचिका फेटाळली. सातशे फुटांची नौका भंगार झाली. तेव्हा मनात आले, आपल्या घरात मावेल एवढी तरी विक्रांत ठेवावी.

घरात मावेल म्हणजे किती? विमानांच्या छोट्या प्रतिकृतींचे एक रूढ प्रमाण आहे, १:७२. म्हणजे खऱ्यातले सहा फूट इथे एक इंच. या हिशेबाने अख्खी विक्रांत पावणेदहा फुटांची होते. मानखुर्दच्या आमच्या खोलीत ती ठेवली तर माणसांना बाहेर झोपावे लागेल! म्हणून डेकचा फक्त बारा इंच बाय दहा इंचांचा तुकडा करायचे ठरवले. त्यावर एक विमान आणि सहा माणसे. अशा देखाव्याला डायोरामा म्हणतात. नाव परके असले तरी प्रकार आपल्या ओळखीचा आहे. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या प्रत्येक मुलाने डायोरामाच केलेला असतो. फरक एवढाच, की किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असले तरी चालतात. इथे नाही चालत.

विमानाचा संच आणला एअरफिक्स या इंग्लिश कंपनीचा. सी हॉक हे एका इंजिनाचे जेट, पण त्याचा झोत शेपटीतून न निघता दोन फाटे होऊन पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. हे दोन्ही भाग सांधताना फटी राहू न देणे हीच खरी कसोटी. पुटी भरायची, वाळू द्यायची, पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने घासायची. सुमारे सतरा सेंटिमीटरचे ते विमान सांधायला पाच रविवार गेले. रंगाचे दिवस नेमके पावसात आले. मानखुर्दच्या दमट हवेत इनॅमल दोन-दोन दिवस चिकट राहतो आणि सायन-पनवेल महामार्गाची धूळ त्यावर बसायला टपलेलीच असते. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच सापडला. रंगवलेल्या विमानावर मोठे पातेले पालथे घालायचे. घरातल्यांनी त्या पातेल्यावरचा हक्क सोडला, हे त्यांचे या कामातले योगदान. विमानावर चिन्ह मात्र आपले हवे. बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे वर्तुळ. तीन केसांच्या ब्रशने श्वास रोखून ते काढले.

पण विमानापेक्षा जास्त वेळ खाल्ला माणसांनी. इंचभर उंचीच्या परदेशी बाहुल्यांसोबत रंगाचे जे मार्गदर्शन येते, त्यात कातडीचा रंग गुलाबी. आपला नौसैनिक तसा कसा चालेल? तपकिरी, पिवळा आणि थोडा तांबडा मिसळून सहा चेहऱ्यांसाठी सहा छटा केल्या. कोणी रत्नागिरीचा, कोणी केरळचा, कोणी पंजाबचा. पंजाबच्या सैनिकाची पगडी एमसीलच्या बारीक वळ्या गुंडाळून केली. एवढ्या लहान चेहऱ्यावर डोळे काढायचे नसतात, भुवईखाली फक्त सावली द्यायची. डोळे पाहणाऱ्याचे मन काढून घेते.

माणसे डेकवर चिकटवण्याआधी शेजारच्या इमारतीतले काका पाहायला आले. तरुणपणी ते नौदलात होते. आमच्या मानखुर्दला सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर नौदलाचा 'आयएनएस तानाजी' हा तळ आहे, त्यामुळे अशी माणसे इकडे भेटतात. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "विमान झकास आहे. पण वारा कुठंय?"

मग त्यांनी समजावले. विमान सोडताना नौका वाऱ्याकडे तोंड करून धावते. नौकेचा वेग आणि वाऱ्याचा वेग मिळून विमानाला उचल मिळते. १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते, वेगावर मर्यादा होती, म्हणून वाऱ्याची किंमत आणखी वाढली होती. "डेकवर सरळ उभा राहिलेला माणूस नसतोच रे," काका म्हणाले. त्यांनी उठून, गुडघे वाकवून, अंग वाऱ्यावर रेलून दाखवले. सत्तरी ओलांडलेला माणूस आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत क्षणभर डेकवर उभा होता. आम्ही प्लास्टिकची माणसे गरम पाण्यात धरून त्यांच्यासारखी वाकवली. हातवारे करून वैमानिकाला वाट दाखवणाऱ्या पिवळ्या जर्सीवाल्याचे हात कुठवर वर हवेत, तेही त्यांनीच सांगितले.

खरे सी हॉक पाहायचे तर गोव्यात दाभोळीच्या नौदल हवाई संग्रहालयात आहे. लायन गेटजवळ विक्रांतच्या पोलादातून घडवलेले छोटे स्मारक २०१६ मध्ये उभे राहिले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी, स्वदेशी विक्रांत नौदलात आली, हे तर अभिमानाचेच. परंतु पोलाद जपले तरी गुडघे कसे वाकवायचे, हे पोलाद सांगत नाही. ते ज्यांच्या अंगात मुरले आहे, ती माणसे आता ऐंशीकडे झुकली आहेत.

आपल्या इमारतीत, नात्यात असे कोणी आजोबा असतील तर येत्या दिवाळीत किल्ल्याशेजारी प्लायवुडचा एक तुकडा राखाडी रंगवून ठेवा. विमान कागदाचे असले तरी चालेल. मुलांच्या हाती मातीची माणसे द्या आणि आजोबांना एवढेच विचारा, "यातला कोण कुठे उभा राहायचा?"