सात नोड, चार उत्तरं

लॅबच्या फळ्यावर मी बायनरी ट्री काढतो. संगणकवाल्यांचं झाड उलटं. मूळ वर, फांद्या खाली. मुळाशी ८. डावीकडे ३ आणि त्याच्या खाली ५, १२. उजवीकडे १० आणि त्याच्या खाली १०, ६. मुळापासून पाहिलं तर यातले किती नोड दिसतात? नियम नाटकाच्या थिएटरातला आहे: मुळापासून त्या नोडपर्यंतच्या वाटेत त्याच्यापेक्षा मोठा आकडा नसेल, तर तो दिसतो. बरोबरीचा आड येत नाही.

मुलं कोड लिहितात. पडद्यांवर चार वेगळी उत्तरं येतात आणि कोणाचं काय चुकलं ते मला कोड न उघडताच कळतं.

उत्तर ५ आलं, तर त्यानं फक्त वरच्या नोडशी तुलना केली. ५ हा ३ पेक्षा मोठा, म्हणून मोजला. त्याच्याही वरचा ८ विसरला. ३ आलं, तर ३ दिसत नाही म्हणून गडी तिथूनच परतला आणि खालचा १२ राहून गेला. २ आलेलं असेल, तर आजवरचा मोठा आकडा त्यानं सगळ्या झाडासाठी एकाच ठिकाणी ठेवला. डावीकडून १२ घेऊन तो उजवीकडे गेला आणि दोन्ही १० त्याला लहान वाटले.

ही शेवटची चूक सगळ्यांत चिवट. म्हणून सात मुलांना झाडासारखं उभं करतो. प्रत्येकानं वरून आलेल्या चिठ्ठीतला आकडा आणि आपला आकडा, यांतला मोठा दोन नव्या चिठ्ठ्यांवर लिहून खाली द्यायचा. डावीकडच्या १२ ची चिठ्ठी उजवीकडे पोचतच नाही. उजव्या १० च्या हातात येते ती मुळाची ८ ची. रिकर्शनमध्ये प्रत्येक कॉलला आपली वेगळी चिठ्ठी मिळते, ती अशी.

प्रत्येक नोडला एकदाच भेट, त्यामुळे काम नोडांच्या संख्येइतकंच. जागा मात्र झाडाच्या उंचीइतकी लागते. झाड एकाच बाजूला हजारो नोड खोल गेलं, तर पायथॉन मध्येच हात टेकतो. त्याची रिकर्शनची मर्यादा मुळात १००० ची असते.

चिठ्ठ्या वाटून झाल्यावर सांगतो, "ज्याचा आकडा चिठ्ठीपेक्षा लहान नाही, त्यानं हात वर करा." मुळातल्या मुलाकडे चिठ्ठीच नसते, तो क्षणभर घुटमळतो, मग हात वर करतो. चार हात.