जुना संगणक आणि नवा कारभारी

आमच्या घरीं २०१४ सालीं घेतलेला एक संगणक आहे. ओसरीलगतच्या खोलींत, जेथें पूर्वीं आमच्या वडिलांचें लिहिण्याचें मेज असे, तेथेंच तो ठेविला आहे. मुलांचे परीक्षेचे अर्ज, सुनांचीं बँकेचीं कामें, आमच्या निवृत्तिवेतनाचे कागद आणि गेलीं सहा वर्षें आम्ही जुळवीत असलेला कुलवृत्तांत, एवढा संसार त्याच्या पोटांत होता. २०२५ च्या नवरात्रांत त्याच्या पडद्यावर एक सूचना येऊं लागली. 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद होणार, आणि 'विंडोज ११' घेण्यास हें यंत्र पात्र नाहीं, असा तिचा आशय. अकरा वर्षें बिनतक्रार चाकरी केलेल्या गड्यास एका सकाळीं अपात्र ठरवावें, हें आम्हांस रुचलें नाहीं. हीच स्थिति आमच्या गोंदिया जिल्ह्यांत व इतरत्रही पुष्कळ घरांची झाली असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या घरचा कारभारी. कळफलक, पडदा, छपाईचें यंत्र, सांठवणीची डिस्क या सर्वांकडून तो काम करवून घेतो. त्याचा सांभाळ बंद झाला म्हणजे यंत्र त्या दिवशीं बंद पडतें असें नव्हे. आमच्याकडील मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें चटकन् कळेल. कोहळी मंडळींनीं बांधलेले हे तलाव शेंकडों वर्षें भाताला पाणी देत आले. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि दरवर्षीं गाळ काढणारा व पाळीचें भगदाड बुजविणारा घरचा धनी उरला नाहीं. तलाव दुसऱ्या दिवशीं फुटले नाहींत. पण भगदाडें मात्र राहूं लागलीं. कार्यप्रणालींतही चोरांस शिरण्याजोगीं भगदाडें नित्य सांपडतात, आणि कंपनी तीं दरमहा बुजवीत असते. तें काम थांबल्यावर त्याच यंत्रावरून बँकेचा व्यवहार करणें हें भगदाडाखालीं घर बांधण्यासारखें आहे.

मग नवा कारभारी आमच्या घरीं कां येईना? 'विंडोज ११' ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघाली, आणि तिच्या अटी कडक आहेत. गुप्त किल्ल्या सांभाळणारी 'टीपीएम २.०' नांवाची व्यवस्था यंत्रांत हवी. आरंभींच खोटी प्रणाली घुसूं नये म्हणून 'सिक्युअर बूट'ची सोय हवी. आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुतेक आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आमचा चौथ्या पिढीचा! सुरक्षिततेसाठीं ह्या अटी आहेत असें मायक्रोसॉफ्टचें म्हणणें, आणि तें अगदींच पोकळ नाहीं. परंतु कॅनॅलिस या बाजार-संशोधन संस्थेनें २०२३ च्या अखेरीस केलेल्या अंदाजाप्रमाणें सुमारें २४ कोटी संगणक यामुळें भंगारांत जाऊं शकतात. धडधाकट वस्तु टाकून देण्याची ही रीत आमच्या पिढीच्या पचनीं पडत नाहीं.

पुण्यास असलेल्या आमच्या पुतण्यास आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "काका, पहारेकरी दारांतच अडवतो, आंत गेल्यावर पुन्हां विचारीत नाहीं." याचा अर्थ असा कीं, पात्रतेची तपासणी मुख्यतः नवी प्रणाली बसवितांना होते. रूफस नांवाच्या एका मोफत साधनानें पेन ड्राइव्हवर प्रतिष्ठापनेची प्रत तयार करतांना ही तपासणी गाळतां येते. मात्र त्यालाही सीमा आहे. २०२४ सालच्या '२४एच२' या आवृत्तीपासून प्रोसेसरांत कांहीं विशिष्ट आज्ञा असल्याच पाहिजेत. कोअर टू ड्यूओच्या काळचीं यंत्रें त्यामुळें सुरूच होत नाहींत. शिवाय अशा यंत्रास पुढील सुधारणा मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाहीं. मासिक दुरुस्त्या बहुधा येत राहतात; पण वार्षिक मोठी आवृत्ति आपण होऊन येत नाहीं, दरवेळीं हाच खटाटोप करावा लागतो. म्हणजे पहारेकऱ्यास चुकवून आंत आलेल्या पाहुण्यासारखी अवस्था: जेवण मिळतें, पण पान मांडून ठेवलेलें नसतें.

दिवाळी झाल्यावर आम्हीं गांवांतील एका कारागिरास बोलाविलें. पोरगा हुशार व नम्र होता. त्यानें जुन्या फिरत्या डिस्कमध्येंच नवी प्रणाली बसवावयास घेतली, आणि प्रथम विचारलें, "गुरुजी, सगळा डाटा आहे ना?" आम्हीं निःशंकपणें "आहे" म्हणून सांगितलें. त्याचा प्रश्न दुसरीकडे उतरवून घेतलेल्या प्रतीविषयीं होता; आमचें उत्तर यंत्राच्या पोटांतील मूळ फायलींविषयीं! त्यानें डिस्क पुसली. दोन तासांनीं झगझगीत 'विंडोज ११' समोर उभी राहिली आणि कुलवृत्तांत नाहींसा झाला.

दोष त्याचा कीं आमचा, यावर घरांत दोन दिवस वाद झाला. व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसानें अध्याहृत शब्द न ओळखावा, याची आम्हांस अधिक लाज वाटते. पुतण्यानें येऊन पुसलेल्या डिस्कमधून जें निघेल तें काढलें. परंतु त्याच जागेवर नवें लेखन झालेलें असल्यामुळें बरेंच कायमचें गेलें. श्रावणांत पेन ड्राइव्हवर घेतलेली एक प्रत कपाटांत सांपडली. त्यानंतरची भर मात्र बुडाली. ती भर म्हणजे आमच्या घराण्यांत आलेल्या अकरा स्त्रियांचीं माहेरचीं नांवें व गांवें, आमगांवच्या आत्याबाईंनीं तोंडीं सांगितलेलीं. आत्याबाई कार्तिकांत गेल्या.

आतांची व्यवस्था सांगतों. जुनी डिस्क काढून तिच्या जागीं नव्या पद्धतीची एसएसडी घातली. नव्या संगणकाच्या किंमतीच्या अल्पांशांत यंत्राची मंदगति गेली. तींत आम्हीं 'लिनक्स मिंट' बसविली. लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें केला. ती फुकट मिळते, आणि चार जीबी स्मृतीच्या आमच्या यंत्रास अपात्र म्हणत नाहीं. आपल्या देशांतही सीडॅक या सरकारी संस्थेनें 'बॉस' नांवाची लिनक्स तयार केलेली आहे, आणि केरळांतील सरकारी शाळा या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच मुक्त प्रणालीवर शिकवीत आल्या आहेत. मराठी टंकलेखनाची आम्हांस भीति होती, ती व्यर्थ ठरली. इन्स्क्रिप्ट कळफलक हा भारतीय मानक असल्यामुळें येथेंही बोटें त्याच जागीं पडतात. प्रिंटर लगेच चालला, स्कॅनरनें दोन दिवस छळलें. वर्डच्या फायली लिबरऑफिसमध्यें उघडतात, क्वचित् तक्ते सरकतात. सूनबाईंच्या कचेरीचें एक सॉफ्टवेअर मात्र विंडोजशिवाय चालेना, म्हणून त्यांनीं नवा लॅपटॉप घेतला; तेथें आमचा हट्ट चालला नाहीं, व चालूंही नये.

ज्यांस इतकी उलथापालथ नको, त्यांच्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज १०'ला एक वर्षाच्या वाढीव दुरुस्त्या जाहीर केल्या. तेव्हां सांगितलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची होती. तपासणी गाळून बसविलेली 'विंडोज ११' पत्रें लिहिण्यास व मुलांच्या अभ्यासास चालेल. बँकेचा व्यवहार तिच्यावर करूं नये असें आमचें मत आहे. आणि कारागीर दारांत येण्यापूर्वीं सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून, त्यांतील दहापांच फायली स्वतः उघडून पाहाव्या. आमच्याकडे हें काम आतां दर संकष्टीस धाकटी नात करते.

कुलवृत्तांत पुन्हां लिहावयास घेतला आहे. त्या अकरा नांवांपुढील माहेरची जागा तूर्त कोरी आहे. आमगांवच्या जुन्या घरांतील लग्नपत्रिकांची एक पेटी माळ्यावर असल्याचें कळतें. भाताची कापणी आटोपली म्हणजे तिकडे जाणार आहों.