जोडामागची मजुरी

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो आणि परतताना हमखास चप्पल लाईनीत शिरतो. उन्हाळ्यात आमच्याकडच्या पाहुण्यांना मीच तिथं नेलं. घासाघीस करून पन्नास रुपये कमी करून घेतले आणि खुशीत घरी आलो.

पुढे एका कामासाठी सुभाषनगरात गेलो. दारात बसून एक मावशी चामड्याची वेणी गुंफत होत्या. "मावशी, पगार महिन्याला मिळतो का?" मी विचारलं. त्या हसल्या. "पगार कसला? जोडामागं मजुरी. पावसाळ्यात कातडं वाळत न्हाई, गिऱ्हाईकबी न्हाई. मग आम्ही बसूनच."

२०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तशीच चप्पल दाखवली, तेव्हा कोल्हापूरच्या श्रेयासाठी आपण सारे तावातावानं बोललो. ते योग्यच होतं. पण मानांकन राखतं ते नाव, मजुरी नव्हे. किमान वेतनाचा कायदा देशात १९४८ मध्येच झाला. मात्र घरी बसून जोडावर काम करणाऱ्या बाईची हजेरी मांडणार कोण? तिला भरपगारी रजा नाही, फंड नाही आणि पावसाळ्याची तर शाश्वतीच नाही.

माझ्या पन्नास रुपयांचा हिशेब त्या दारात लागला. आपण वाचवलेला पैसा कुणाच्या तरी मजुरीतून जात असतो. म्हणून पुढच्या खेपेला भाव पाडण्याआधी दुकानात एवढंच विचारणार आहे : यातले करणाऱ्याला किती मिळतात? तुम्हीही विचारून पाहा.