रस्तायोग्यता तपासणीत अनुत्तीर्ण मोटार : ब्रिटनमधील कायदेशीर स्थिती

प्रस्तावना : ग्रेट ब्रिटनमध्ये १९६० साली सुरू झालेली वाहनांची सक्तीची तपासणी ‘एम.ओ.टी.’ या नावाने ओळखली जाते. मोटार तीन वर्षांची झाल्यावर ती दरवर्षी करावी लागते. जुन्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असताना मोटार अनुत्तीर्ण ठरल्यास ती चालविता येते काय, याविषयी संभ्रम आढळतो.

विवेचन : येथे प्रमाणपत्राची वैधता आणि वाहनाची सुरक्षितता हे दोन प्रश्न वेगळे मानले पाहिजेत. अनुत्तीर्ण झाल्याने जुने प्रमाणपत्र रद्द होत नाही. मात्र त्यामुळे सदोष मोटार चालविण्याची मुभाही मिळत नाही. मे २०१८ पासून दोषांचे ‘धोकादायक’, ‘गंभीर’ व ‘किरकोळ’ असे वर्गीकरण केले जाते. पहिल्या दोहोंमुळे मोटार अनुत्तीर्ण ठरते. ‘धोकादायक’ दोष दूर न करता मोटार चालविल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड, तीन दंडगुण आणि वाहन चालविण्यास बंदी होऊ शकते. दोष केवळ ‘गंभीर’ असून जुने प्रमाणपत्र वैध असल्यास मोटार नेता येते; तथापि ती रस्तायोग्य ठेवण्याची जबाबदारी कायम राहते. प्रमाणपत्राची मुदत संपली असल्यास केवळ दुरुस्तीसाठी किंवा पूर्वनियोजित तपासणीसाठीच ती नेता येते. याही प्रवासात ‘धोकादायक’ दोषाला सवलत नाही.

निष्कर्ष : प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती नोंदविते, पुढील वर्षाची हमी देत नाही. निकामी ब्रेकची माहिती झाल्यानंतरही जुन्या कागदावर विसंबणाऱ्या चालकाला तो कागद कायद्यापासून वाचवीत नाही, आणि रस्त्यावरील पादचाऱ्यालाही नाही.