गाळात सापडणारी कासवे व त्यांची ओळख

तलावांतील गाळ उपसून शेतात टाकण्याच्या कामाला २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे आपल्या बीड जिल्ह्यात विशेष चालना मिळाली. हे काम उन्हाळ्यात चालते आणि नेमक्या त्याच दिवसांत कासवे ओल्या गाळात स्वतःला पुरून घेऊन निपचित पडलेली असतात. फावड्याखाली अथवा यंत्राच्या तोंडी आलेले असे कासव मेलेले समजून बांधावर फेकले जाते व उन्हाने खरोखरच मरते. ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी म्हणून कासवांचे प्रकार ओळखावयास शिकणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत 'मड टर्टल' नावाचे कासवांचे एक स्वतंत्र कुल आहे. ते भारतात मुळीच नाही. आपल्या गाळात बहुधा सापडते ते मऊ पाठीच्या कुलातील कासव होय. त्याच्या कवचावर खवल्यांऐवजी गुळगुळीत कातडी असते, नाकपुड्या लहानशा नळीसारख्या पुढे आलेल्या असतात. ते उलथे करून पाहिल्यास पोटाच्या मागील बाजूस कातडीच्या दोन झडपा दिसतात. मागील पाय आत ओढले की त्या झडपा मिटतात. हीच त्याची निश्चित खूण. बेडूक, गोगलगायी, मासे, मेलेली जनावरे व पाणवनस्पती हे त्याचे खाद्य असल्याने तलावाची सफाई आपोआप होते.

गोदावरीसारख्या मोठ्या नदीत याच कुलातील आणखी एक मोठे कासव असते. त्याच्या पोटास झडपा नसतात. त्याची मान लांब असून ते जोराने चावते. ते उचलताना हात तोंडापासून दूर ठेवावा.

काळे कासव निराळ्या कुलातील आहे. त्याचे कवच कठीण असून पाठीवर तीन उभे कंगोरे असतात. तेही पाण्यातीलच.

ही तिन्ही कासवे सापडल्यास त्याच तलावाच्या न उपसलेल्या, ओलसर व सावलीच्या भागात ठेवावीत. परंतु घुमटाकार पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले कासव जमिनीवरचे आहे. आपल्याकडे ते बहुधा पाळण्यासाठी चोरून आणलेले असते. त्याला पोहता येत नाही. पुण्य म्हणून ते विहिरीत सोडणे म्हणजे त्यास बुडविणे होय. ते वनरक्षकाच्या स्वाधीन करावे.

वीस नखांचे कासव गुप्तधन दाखविते, या भ्रमापायी पुष्कळांनी पैसा व अब्रू गमावली आहे. मऊ पाठीच्या कासवास प्रत्येक पायावर तीन, म्हणजे एकूण बाराच नखे असतात! शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कासव पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. गाळ काढण्यापूर्वी कंत्राटदारास व यंत्रचालकास हे सांगून ठेवावे, आणि तलावाचा एक कोपरा शेवटपर्यंत न खणता राखावा.