बारमाही स्पोर्ट्‌स मोटार

हौसेची मोटार आणि कामाची मोटार या दोन निराळ्या वस्तू होत, असें सामान्यतः समजलें जातें. रविवारीं ऊन पडलेलें असावें, रस्ता मोकळा असावा, आणि दोन माणसांपुरत्या ठेंगण्या गाडींत बसून शहराबाहेर भटकून यावें, ही झाली हौस. सोमवारीं सकाळीं आठ वाजतां त्याच शहरांतून कचेरी गाठावयाची, हें झालें काम. ज्यांच्या घरीं दोन मोटारी ठेवण्याइतकी जागा व पैसा आहे, त्यांना हा भेद परवडतो. परंतु ज्याला एकच मोटार ठेवावयाची आहे आणि तरीहि हातानें गिअर बदलण्याचा आनंद सोडावयाचा नाहीं, अशा माणसानें काय करावें? कॅनडांतील टोरांटोसारख्या शहरांत हा प्रश्न विशेष बिकट होतो. तेथें उन्हाळा सुखाचा असतो. पण जानेवारीचें सरासरी तपमान शून्याखालीं चार अंशांच्या आसपास असतें, आणि शहरांतून जाणारा ४०१ क्रमांकाचा महामार्ग उत्तर अमेरिकेंतील अत्यंत गर्दीच्या रस्त्यांत मोडतो. म्हणून या प्रश्नाचा विचार टोरांटोचें उदाहरण पुढें ठेवून करणें सोईचें आहे.

दुकानांत मोटार पाहतांना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढें जून महिन्यांतील एखादा रम्य दिवस तरळत असतो. निवड मात्र वर्षांतील सर्वांत वाईट सकाळ डोळ्यांपुढें आणून करावी. उत्तम दिवशीं कोणतीहि मोटार चांगलीच वाटते. मालकाची व मोटारीची जोडी टिकणार कीं मोडणार, हें हिमाच्या व गर्दीच्या दिवशींच ठरतें.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. पेट्रोलचें एंजिन अगदीं मंद गतीनें फिरूं शकत नाहीं. मिनिटाच्या फेऱ्या कांहीं शेंकड्यांच्या खालीं गेल्या कीं तें बंद पडतें. उलट, मोटार उभी असते तेव्हां तिचीं चाकें मुळींच फिरत नसतात. फिरणारें एंजिन व स्थिर चाकें यांची गांठ घालून देण्याचें काम क्लच करतो. घर्षणाचें अस्तर लावलेली एक तबकडी एंजिनच्या जड चक्रावर दाबून धरलेली असते. डाव्या पायाखालचें पेडल दाबलें कीं ती सुटते. पेडल हळूहळू सोडलें कीं ती आधीं घसरत घसरत आणि शेवटीं घट्ट चिकटून फिरूं लागते. या घसरण्यांत उष्णता उत्पन्न होते व अस्तर झिजतें. म्हणजे मोटार जितक्या वेळां थांबून पुन्हां निघते, तितक्या वेळां क्लच आपल्या आयुष्यांतला थोडा थोडा भाग खर्च करीत असतो.

गिअर बदलतांना दांतेरी चक्रांची गति आपोआप जुळविणारी सिंक्रोमेश नांवाची युक्ति कॅडिलॅक कंपनीनें १९२८ सालीं प्रचारांत आणली. त्यापूर्वीं खडखडाट न करतां गिअर बदलणें ही एक कलाच होती. पुढें ओल्ड्‌समोबिल कंपनीनें १९४० च्या मोटारींत हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअर दिला आणि डाव्या पायाला सुट्टी मिळाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील नव्या मोटारींपैकीं जवळजवळ एक तृतीयांश मोटारी हातगिअरच्या होत्या. आतां तें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी आहे. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय १९७६ सालीं बाजारांत आली आणि रोजच्या वापराची स्पोर्ट्‌स मोटार म्हणून नांवाजली गेली. २०२४ नंतर तिनेंहि हातगिअर सोडला.

स्वयंचलित गिअर आज हाताहून वेगानें बदलतो आणि पुष्कळदां पेट्रोलहि कमी जाळतो. तेव्हां वेगासाठीं किंवा काटकसरीसाठीं हातगिअर घ्यावा, असें आतां म्हणतां येत नाहीं. त्याचें कारण एकच उरतें: चालक मोटार चालविण्यांत मनानें व हातापायांनीं गुंतलेला राहतो, आणि हें गुंतणें ज्याला प्रिय आहे त्याला दुसऱ्या कशानें समाधान होत नाहीं. जाऊन-येऊन रोज दोन तास याप्रमाणें वर्षांतील २३० दिवस प्रवास घडला, तर ४६० तास मोटारींत जातात. रविवारच्या फेरफटक्यांची बेरीज याच्या जवळपासहि येत नाहीं. मोटार चालविण्याचा आनंद ज्याला हवा आहे, त्यानें तो रोजच्या वाटेवरच शोधावा हें उचित होय. मात्र त्या वाटेवरच्या अडचणी त्याला ठाऊक असाव्यात.

पहिली अडचण गर्दीची. ज्या मोटारीचें एंजिन अधिक बलवान् असतें, तिच्या क्लचची पकडहि अधिक जोराची करावी लागते, आणि बहुधा पेडल जड होतें. दुकानाभोंवतीं एक फेरी मारतांना हा जडपणा जाणवत नाहीं. तासभर रांगेंत सरकल्यावर तो गुडघ्याला जाणवतो. दुसरी गोष्ट म्हणजे एंजिन किती फेऱ्यांवर आपला जोर दाखवितें. होंडाच्या सिव्हिक एसआय या मोटारीचें दीड लिटरचें टर्बो एंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांपासूनच आपला पूर्ण ओढ देतें. टोयोटा जीआर ८६ चें २.४ लिटरचें एंजिन ३,७०० फेऱ्यांवर तेथवर पोंचतें. मोकळ्या रस्त्यावर दुसरें अधिक रंजक वाटेल. पण रांगेंत दुसऱ्या गिअरवर गोगलगाईच्या चालीनें जावयाचें असेल, तर पहिलें अधिक समजूतदार ठरतें.

क्लचचें आयुष्य मोटारीपेक्षां मालकाच्या संवयींवर अधिक अवलंबून असतें. पाय पेडलवर टेकवून ठेवूं नये. सिग्नलपाशीं गिअर काढून क्लच सोडून द्यावा. पुढील गाडीपासून थोडें अंतर राखून शक्य तेथें न थांबतां सरकत रहावें. चढावर अर्धा क्लच धरून गाडी तोलून ठेवणें ही सर्वांत वाईट खोड होय. खंडाळ्याच्या घाटांत वाहतूक खोळंबली असतां हातब्रेक ओढून थांबणारा सावध चालक आणि क्लचवर गाडी झुलविणारा उतावळा चालक यांतला फरक मराठी मंडळींच्या परिचयाचाच आहे. मुंबई-पुण्याहून टोरांटोस गेलेल्या घाटांतल्या चालकाला ही विद्या नव्यानें शिकावी लागत नाहीं. त्याला नवी असते ती हिंवाळ्याची विद्या.

या विद्येचा आरंभ टायरपासून होतो. स्पोर्ट्‌स मोटारींना कारखान्यांतून पुष्कळदां उन्हाळी टायर बसवून येतात. त्यांचें रबर तापलेल्या डांबरावर पकड घेण्यासाठीं बनविलेलें असतें. तपमान सुमारें ७ अंशांच्या खालीं गेलें कीं तें कडक होऊं लागतें. मग रस्ता कोरडा असला तरी पकड घटते, आणि कडाक्याच्या थंडींत रबराला तडे जाण्याचेंहि भय असतें. हिंवाळी टायरचें रबर थंडींतहि मऊ राहतें, आणि त्याच्या नक्षीवर कापलेल्या असंख्य बारीक चिरा हिमाला धरून ठेवतात. अशा टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर व त्याच्या आंत हिमाचा कण, असें चिन्ह असतें. क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिंवाळी टायर कायद्यानें सक्तीचे आहेत. टोरांटो ज्या ऑंटेरिओ प्रांतांत आहे तेथें अशी सक्ती नाहीं. परंतु ते लावणाऱ्यास विम्याच्या हप्त्यांत सूट देण्याचें बंधन २०१६ पासून विमा कंपन्यांवर आहे.

चारहि चाकांना शक्ति मिळणारी मोटार घेतली कीं हिंवाळ्याची काळजी मिटली, असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. निघतांना व चढ चढतांना चार चाकांचा उपयोग मोठा. पण थांबतांना प्रत्येक मोटार चारहि चाकांच्या ब्रेकनेंच थांबत असते, आणि तेथें टायरच काय ती पकड देतो. उन्हाळी टायरवरील चार-चाकी शक्तीच्या मोटारीपेक्षां हिंवाळी टायरवरील साधी मागच्या चाकांनीं चालणारी मोटार हिमावर लवकर थांबेल. म्हणून अंदाजपत्रकांत पहिली जागा हिंवाळी टायरच्या संचाला द्यावी, आणि तो निराळ्या रिमांवर चढवून घ्यावा. हंगामागणिक चाकें तेवढीं बदलावीं लागतात, आणि उन्हाळी टायर हिंवाळ्यांत झिजत नसल्यामुळें खर्चाचा कांहीं भाग भरून निघतो.

निसरड्या रस्त्यावर हातगिअर मित्रहि होतो आणि शत्रूहि. दुसऱ्या गिअरवर हलकेंच निघालें असतां चाकांवर येणारा जोर कमी होतो व तीं जागच्या जागीं गरगरत नाहींत. मात्र क्लच थोडा अधिक घसरतो, ही त्याची किंमत. उतारावर खालचा गिअर धरून ब्रेक न लावतां गति आवरतां येते. परंतु तोच खालचा गिअर घाईनें टाकून क्लच एकदम सोडला, तर मागच्या चाकांनीं चालणाऱ्या मोटारीचीं तीं चाकें अकस्मात् अडखळतात आणि गाडीचा मागचा भाग घसरूं पाहतो. अशा वेळीं क्लच दाबून चाकें मोकळीं करणें हा पहिला उपाय होय. कडक थंडींत गिअरचें तेलहि घट्ट झालेलें असतें. पहिलीं कांहीं मिनिटें गिअरच्या दांड्याशीं झटापट न करतां सबुरीनें घ्यावें.

याखेरीज तीन गोष्टी पहाव्या लागतात: उंची, मीठ आणि टप. स्पोर्ट्‌स मोटारीचें पोट व रस्ता यांत बहुधा १३–१४ सेंटिमीटरच अंतर असतें. हिमाचा थर त्याहून जाड झाला कीं मोटार नांगराप्रमाणें हिम लोटूं लागते आणि अखेर त्यावर बसते. ज्याची गल्ली लवकर साफ होत नाहीं, त्यानें हें मोजून पहावें. रस्त्यावर मीठ टाकतात तें पाण्याचा गोठणबिंदु उतरविण्यासाठीं. पुरेसें तीव्र मिठाचें पाणी शून्याखालीं २१ अंशांपर्यंत गोठत नाहीं. पण तेंच पाणी लोखंडाला गंज चढविण्यास फार तत्पर असतें. दर हिंवाळ्यापूर्वीं मोटारीच्या पोटाला गंजरोधक तेल मारून घेणें आणि हिंवाळाभर पोट धूत राहणें, ही चैन नसून आयुर्मर्यादेचा प्रश्न आहे. कापडी टप असल्यास त्यावरील हिम मऊ कुंचल्यानें झाडावें, खरवडूं नये. आणि थंडीनें ताठरलेलें कापड दुमडूं नये.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळतां येईल. माझ्दाची एमएक्स-५ ही १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. तिचें वजन अवघें अकराशें किलोच्या आसपास आहे. तिचा क्लच हलका व गिअरचा दांडा अत्यंत सुबक आहे. त्यामुळें गर्दींतहि ती चालकाला थकवीत नाहीं. परंतु तिच्यांत आसनें दोनच, आणि डिकी सुमारें १३० लिटरची. ज्याला वाटेंत मुलाला शाळेंत सोडावयाचें आहे, त्याचा विचार येथेंच थांबतो. टोयोटा जीआर ८६ व तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांत मागें दोन आसनें आहेत. तीं मोठ्या माणसांना नांवापुरतींच, पण पाडलीं असतां आंत चार चाकें मावतात, म्हणजे हंगामी चाकें ज्याचीं त्याला नेतां येतात. या तिन्ही मोटारी मागच्या चाकांनीं चालतात. चांगल्या हिंवाळी टायरवर त्या टोरांटोच्या झाडलेल्या रस्त्यांवर निभावतात, मात्र चालकाकडे संयम हवा.

होंडा सिव्हिक एसआय ही दिसावयास साधी चार दारांची, पुढच्या चाकांनीं चालणारी आणि केवळ हातगिअरचीच मिळणारी. एंजिनचें वजन चालत्या चाकांवर असल्यामुळें हिमांत ती सहज निघते, आणि संसाराचें सामानहि मावतें. सुबारू डब्ल्यूआरएक्स ही २७१ अश्वशक्तीची, चारहि चाकांना शक्ति पुरविणारी आहे. जेथें रस्ते उशिरां साफ होतात व चढ पुष्कळ आहेत, तेथें तिला तोड नाहीं. मात्र ती पेट्रोल अधिक पिते. पोर्शे ९११ चें एंजिन मागच्या आंसाच्याहि मागें असल्यानें हिमांतून निघण्यास ती अनुकूल आहे. पण हातगिअर आतां तिच्या मोजक्याच प्रकारांत मिळतो, आणि इतकी किंमती वस्तु रोज मिठाच्या पाण्यांतून हांकण्यास मालकाचें मन घट्ट असावें लागतें.

किंमतीच्या पलीकडे चालू खर्च असतो. यांपैकीं कांहीं मोटारींना वरच्या दर्जाचें महाग पेट्रोल लागतें; विम्याचा हप्ता चढा असतो; आणि क्लच बदलावयाचा झाल्यास गिअरबॉक्स खालीं उतरवावा लागत असल्यानें सुट्या भागांपेक्षां मजुरीचेंच बिल डोळ्यांत भरतें. जुनी मोटार घेतांना वरच्या गिअरवर मंद गतीनें जातांना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पहावा. एंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग त्या मानानें वाढला नाहीं, तर क्लच घसरत आहे असें समजावें.

कांहीं घरांना ही मोटार घेऊंच नये असें सांगावें लागेल. ज्याचा जवळजवळ सारा प्रवास रांगेंतच होतो, ज्याचा डावा गुडघा दुखरा आहे, किंवा ज्याच्या घरांत तीच मोटार क्लच न येणाऱ्या दुसऱ्या माणसालाहि चालवावयाची आहे, त्यानें स्वयंचलित गिअर घेण्यांत कमीपणा मानूं नये. अशा घरांत हौसेनें आणलेली हातगिअरची मोटार दोन हिंवाळ्यांत विकली जाते, आणि तोटा व रुसवा तेवढा मागें उरतो. इतरांनीं विक्रेत्याकडून मोटार मागून घ्यावी ती कामाच्या दिवशीं, गर्दीच्या वेळीं, आणि आपल्याच नित्याच्या वाटेवर. सोबत घरांतील माणूस असावें. रोज न्यावयाची पिशवी व मुलाचें आसन डिकींत व मागें बसवून पहावें. घराजवळचा सर्वांत तीव्र चढ थांबून चढून पहावा. परत येतांना पाय दुखत नसेल आणि दांडा हातांतून सोडवत नसेल, तर हिंवाळी टायरचे पैसे बाजूला ठेवून सौदा करण्यास हरकत नाहीं.