कत्नोआचं पुढचं चाक



हिब्रूत मोटरसायकलला 'ओफनोआ' आणि स्कूटरला 'कत्नोआ' म्हणतात. 'ओफान' म्हणजे चाक आणि 'कातान' म्हणजे छोटं. म्हणजे कत्नोआ ही त्या मोठ्या ओफनोआची धाकटी बहीण. इथे वयाच्या १६ व्या वर्षी १२५ सीसीपर्यंतचं लायसन्स मिळतं, त्यामुळे आमच्या नातवंडांच्या हातात पहिल्यांदा येते ती ही धाकटीच. ती हातात आली की महिन्याभरात दोन गोष्टी सुरू होतात. एक, पुढचं चाक हवेत उचलून मागच्या एका चाकावर पळवणं, ज्याला मुलं 'विली' म्हणतात. दुसरी, मागच्या चाकाजवळ पाय ठेवायला लोखंडी खुंट्या बसवणं. ह्या खुंट्यांना 'पेग' म्हणतात. पेग म्हटलं की आमच्या पुरुषमंडळींना दुसरंच काही आठवतं, पण तो विषय वेगळा!

आम्ही ज्येष्ठ मंडळी हे बघून नुसतं "अरे, पडशील!" असं ओरडतो. नातू हसतो आणि निघून जातो. आमचं मत असं की ओरडायचं तर थोडं समजून ओरडावं. मुलं कारण विचारतात आणि कारण सांगितलं तर निदान ऐकतात तरी.

तसं चाक उचलणं आपल्याला नवीन नाही. बजाजची चेतक १९७२ साली आली, तिच्या आधी व्हेस्पा होती. डाव्या हाताच्या मुठीत क्लच आणि गिअर, मागे पत्नी आडवी बसलेली, मांडीवर पिशवी. सिग्नल सुटला आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच झटक्यात सुटला की पुढचं चाक वीतभर वर यायचं आणि मागून किंकाळी! राणा प्रतापाच्या चेतक घोड्याने हत्तीवर पुढचे पाय ठेवले असं सांगतात, तेव्हा नाव अगदीच चुकीचं नव्हतं म्हणायचं.

असं का होतं? स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाला लागूनच असतं, त्यामुळे तिचा पुढचा भाग मुळात हलका. वेग एकदम वाढला की वजन मागे ढकललं जातं आणि पुढचं चाक आणखी हलकं होतं. आता हिशेब करा. समजा १०० किलोची स्कूटर, तिचा भार मागच्या आसाच्या ४५ सेंटिमीटर पुढे आहे आणि ७० किलोचा मुलगाही सीटवर तेवढाच पुढे बसला आहे. तोच मुलगा उठून आसाच्या बरोबर वर उभा राहिला तर दोघांचा मिळून भार २६-२७ सेंटिमीटरवर येतो. उभा राहिल्याने भाराची उंचीही वाढते. म्हणजे चाक उचलायला लागणारा जोर बराच कमी होतो. पेग हवेत ते ह्यासाठी. आजच्या गिअर नसलेल्या स्कूटरला क्लचचा झटका देता येत नाही, म्हणून मुलं अंगाचा झोका आणि पेग ह्यांच्यावर काम भागवतात.

चाक वर जाता जाता एक जागा अशी येते की स्कूटर आपोआप तोलली जाते. त्यापलीकडे गेलं की ती पाठीवर उलटते. तिला परत खाली आणणारी गोष्ट एकच, मागचा ब्रेक. गिअर नसलेल्या स्कूटरला तो डाव्या हाताच्या दांड्यावर असतो. सराव करणारे स्टंटवाले एक बोट सतत त्यावर ठेवतात, मोकळ्या मैदानात, पूर्ण संरक्षक कपडे घालून करतात. आमची पोरं चप्पल घालून, रस्त्यावर, दोन्ही हातांनी मूठ आवळून करतात. घाबरला की माणूस मूठ आणखी आवळतो, आणि उजव्या मुठीत असतो ॲक्सिलरेटर!

आता पेगचं. बीएमएक्स सायकलला मागच्या आसाच्या नटावर नळीसारखे पेग लावतात हे मुलांनी पाहिलेलं असतं. पण सायकलचा आस स्थिर असतो, चाक त्याच्याभोवती फिरतं. बऱ्याच छोट्या स्कूटरांत मागचं चाक इंजिनमधून येणाऱ्या दांड्यावरच बसवलेलं असतं आणि तो दांडा, त्याच्या नटासकट, चाकाबरोबर फिरतो. तिथे पेग लावला तर तोही फिरणार! मग कोणीतरी ओळखीचा वेल्डर गाठला जातो. सायलेन्सरच्या पट्टीला नाहीतर इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या कवचाला लोखंडी पट्टी जोडली जाते. ती जागा उभ्या माणसाचं वजन पेलायला बनवलेलीच नसते. त्यात इंजिन मागच्या स्प्रिंगवर वर-खाली होतं, प्रत्येक खड्ड्याला जोडावर धक्का बसतो. जोड एक दिवस तुटतो, आणि तुटतो तो बहुधा पूर्ण भार असताना, म्हणजे चाक वर असताना. शिवाय उजवीकडे तापलेला सायलेन्सर असतोच. अपघात झाला तर अशी जोडणी बघून विमा कंपनी हात वर करू शकते, हेही मुलांच्या आईवडिलांच्या कानावर घालावं.

वॉर्डात आम्ही जे पाहिलं त्यात चालवणाऱ्यापेक्षा मागे बसलेल्याचं जास्त वाईट वाटायचं. चालवणाऱ्याच्या हातात मूठ तरी असते. मागची मैत्रीण किंवा धाकटा भाऊ सरळ मागे घसरतो, ढुंगणावर आणि मग डोक्याच्या मागच्या भागावर आपटतो. हेल्मेट, म्हणजे इथली 'कास्दा', डोक्यावर असून पट्टा लावलेला नसेल तर आपटायच्या आधीच ती उडते. चालवणाऱ्याचं मनगट, गळ्याचं हाड आणि घोटा जातो. ही हाडं जुळतात. डोक्याचं तसं नसतं. मागे दुसरं कोणी बसलेलं असताना विली करणाऱ्या मुलाशी आमचा वाद नाही, त्याची चावी काढून घ्यावी, बस.

पडलेला मुलगा दिसला तर आधी १०१ फिरवा. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, उठवून बसवू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. सायलेन्सरने पोटरी भाजली असेल तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. हळद नको, टूथपेस्ट नको, बर्फही नको. खरचटलेल्या जखमेत वाळू राहिली तर कुप्पात होलीमच्या नर्सकडून ती साफ करून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारा.

पेग सगळेच वाईट असंही नाही. भारतात १९८९ च्या मोटर वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून निम्म्या चाकावर जाळी सांगितलेली आहे. इथेही कंपनीचे घडीचे फूटरेस्ट मिळतात, ते सांगाड्याच्या ठरलेल्या भोकांत बसतात. आमच्या गुडघ्यांना तसे हवेच आहेत. नातवाला खर्च करायचाच असेल तर त्याने ते बसवावेत आणि आम्हांला गुरुवारी शूकमध्ये सोडावं, दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून. भाजी आणताना पिशव्या आम्ही धरू.